२१ दिवसांत ९ किलो, आणि फोटोत माझी मेहुणी

नारायणपेठी
काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘शुभ प्रभात’च्या गुलाबांमधून एक पोस्ट आली. शेजारी शेजारी दोन फोटो आणि खाली मजकूर: ‘२१ दिवसांत ९ किलो! रोज फक्त ६०० कॅलरी! ना जिम, ना घाम! आमच्या आणखी एका ताईंची यशोगाथा!’ चौदा अंगठे आले, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच ‘मलाही लिंक पाठवा’ असं लिहिलं.

त्या फोटोतल्या ताई म्हणजे माझी मेहुणी.

खरा हिशेब सात आठवडे आणि ११ किलो असा आहे, त्यामुळे पहिली थाप तिथेच. दिवसाला तीन शेक, एक काकडी आणि हवा तितका ग्रीन टी. सातव्या आठवड्यात रात्री दीड वाजता उजव्या बरगडीखाली कळ आली. ॲसिडिटी समजून तिने गॅसची गोळी घेतली. पहाटे चारला मेहुण्यांचा फोन, सहाला सोनोग्राफी, पित्ताशयात खडे आणि आत सूज. दोन दिवसांनी पित्ताशय काढलं. ती अजून रुग्णालयात होती, त्याच दिवशी तिला हे शेक देणाऱ्या कोचबाईंनी हा फोटो पहिल्यांदा टाकला. तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. त्याचा फोटो अर्थातच कोणी मागितला नाही.

या कोचबाई गेल्या वर्षीपर्यंत विमा विकत होत्या. विमा विकणं वाईट असं म्हणत नाही. पण तेव्हा निदान ‘जोखमीच्या अधीन’ असं बारीक अक्षरात तरी छापलेलं असायचं.

‘माझा तत्त्वतः विरोध नाही, पण’ वगैरे सभ्य वाक्य मी लिहिणार नाही. ६०० कॅलरीवर माणूस ठेवण्याला माझा विरोध आहे. बोला.

भोसरीचा_भीम
मेहुणीबाईंना बरं वाटो. पण कुणाचा तरी सिंहगडावर पाय मुरगळला म्हणून गड बंद करा, असला हा धागा आहे.

मी स्वतः ८५० कॅलरीवर १४ आठवडे काढलेत. ९६ किलोवरून ८०. एचबीए१सी, म्हणजे रक्तातली तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.२ होतं ते ५.८ झालं. गोळ्या बंद. मी वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेलंय, आणि रिक्षावाल्याला थांबा म्हणून सांगताना ते कसे बघायचे तेही मला आठवतं. मला पित्ताशयाची भीती कोणी घालू नये.

आणि हे माझं एकट्याचं नाही. ब्रिटनमधली मधुमेहावरची ‘डायरेक्ट’ चाचणी बघा, २०१७ च्या डिसेंबरात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. रोज ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने, नंतर हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाने ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेलेला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत तोच आकडा ४ टक्के. पेठेत बसून विरोध करणं सोपं आहे.

नारायणपेठी
पेठेत मी आता फक्त नावापुरता आहे, राहतो धायरीला. मुद्द्याचं सांगा, त्या १४ आठवड्यांत डॉक्टर होते का?

भोसरीचा_भीम
होते की. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचे. बीपीची गोळी आणि शुगरची गोळी पहिल्याच दिवशी बंद केली त्यांनी.

नारायणपेठी
मग साहेब, तुम्ही माझ्याच बाजूने भांडताय.

भोसरीचा_भीम
अजिबात नाही. तुम्ही ‘विरोध आहे, बोला’ असं सरसकट लिहिलंय. आता डॉक्टरांच्या मागे लपू नका.

निवृत्त_अभियंता
दोघेही भांडा, पण आधी त्या पोस्टचं गणित तपासा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. नऊ किलो म्हणजे ६९,३००. भागिले २१, म्हणजे रोज ३३०० कॅलरीची तूट. घरकाम आणि नोकरी करणारी बाई दिवसाला १८०० च्या आसपास खर्च करते असं धरू. ती २१ दिवस पाण्याशिवाय तोंडात काहीही न घालता बसली, तरी चरबी पाच किलोच्या आतच जाईल. उरलेले चार किलो कुठून आले? पाणी, आणि स्नायू. शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो तो या पाण्यामुळे, आणि नेमका तेव्हाच लोक फोटो काढतात.

तिखटजाळ
गणित छान. पण काका, ही ६०० कॅलरी पुरुषांना आज नवीन वाटतेय याचं मला हसू येतं. माझ्या आईने सोमवार, चतुर्थी, एकादशी, वर शिळं संपवायचं म्हणून उरलेलं खाणं, अशी चाळीस वर्षं काढली. तिला कोणी यशोगाथा म्हटलं नाही. हिमोग्लोबिन ७ निघालं तेव्हा वडील म्हणाले, ‘तू खात का नाहीस?’

खडकवासला_खुर्द
ताई, उपास आणि उपाशी यात फरक आहे. एकादशी, दुप्पट खाशी. आमच्याकडे उपासाच्या दिवशीच वजन वाढतं.

निवृत्त_अभियंता
बरोबर! साबुदाणा कच्चा १०० ग्रॅम म्हणजे ३५० कॅलरी, आणि त्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. वर दाण्याचं कूट, चमचाभर तूप म्हणजे आणखी १२०. एका ताटलीत ५०० सहज. म्हणजे त्या कोचबाईंचा अख्खा दिवस एका खिचडीत आणि वरच्या चहात संपला. बाकी साबुदाणा उपासाला चालतोच कसा, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. तो ज्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, शेंगदाणा तिथलेच, मिरचीही अमेरिका खंडातलीच.

खडकवासला_खुर्द
म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधी लोक उपासाला काय खायचे?

तिखटजाळ
वरई, राजगिरा, शिंगाडा. आणि बायका काहीच नाही.

निवृत्त_अभियंता
राजगिराही तिकडचाच, ताई! शिंगाडा मात्र आपला. आणि साबुदाणा आधी मलायाकडून यायचा, तो ताडासारख्या झाडाच्या खोडातला असायचा. महायुद्धात तो येईना, तेव्हा सेलमकडे टॅपिओकापासून करायला लागले. म्हणजे आपण ज्याला सनातन समजतो ती खिचडी...

जिरेमिठाची_आजी
अहो, खिचडीत बटाटा घालायचा का नाही ते सांगा. आमच्या सुनेचं आणि माझं यावरून आठ दिवस बोलणं बंद आहे.

खडकवासला_खुर्द
घालायचा. उकडून नाही, कच्चा, पातळ काप करून, तुपात परतून.

तिखटजाळ
उकडूनच.

नारायणपेठी
मी पित्ताशयाबद्दल लिहिलं होतं. आठवण करून देतो.

औषधवाला_काका
मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. पित्ताशयाचं आधी सांगतो, मग माझं.

चरबी भराभर वितळली की यकृत जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं. त्यात शेक असतो बिनचरबीचा. जेवणात तेल-तूप आलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि रिकामं होतं. तेल-तूपच नाही, तर पित्त आत साचून घट्ट होतं आणि खडे होतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की हा धोका वाढतो. तुमच्या मेहुणीचा हिशेब मांडा, ११ भागिले ७. जाणते डॉक्टर अशा आहारात थोडं तेल ठेवतात, गरज वाटली तर उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात. कोच शेक देतो.

आता माझं. दोन महिन्यांपूर्वी सकाळी अकराला एक गृहस्थ काउंटरवर उभे होते. बोलता बोलता घामाने शर्ट भिजला, हात थरथरायला लागले, आणि मला भलत्याच नावाने हाक मारली. ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून पाजली. दहा मिनिटांनी माणसात आले. सकाळी फक्त शेक घेतला होता आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतली होती. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. कोचला गोळीचं सांगितलं होतं का, म्हणून विचारलं. म्हणाले, ‘त्यांनी विचारलंच नाही.’

डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीचा घोळ तर आणखी वाईट. त्यात उपाशी राहिलं तर शुगर जवळपास नॉर्मल दिसते आणि आत रक्त आम्ल होत जातं. घरचा ग्लुकोमीटर बघून माणूस निश्चिंत झोपतो.

भोसरीचा_भीम
काका, हे मान्य. माझ्या गोळ्या पहिल्या दिवशी का बंद केल्या ते आज कळलं. डॉक्टरांनी सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार.

पण धाग्याचा सूर अजून ‘उपाशी राहिलात की मेलात’ असाच आहे. जाड माणसाला बाकी जग काय कमी बोलतं का? ऑफिसात, लग्नात, बसमध्ये? काहीतरी जोरात करून दाखवावंसं वाटतं त्याला. महिन्याला दोन किलो म्हटलं की तो दुसऱ्या महिन्यात सोडून देतो.

नारायणपेठी
जोरात करून दाखवायचं म्हणून तर १९७७-७८ साली अमेरिकेत साठेक माणसं गेली. द्रवरूप प्रथिनांचा आहार होता, कातडी-हाडांमधल्या कोलॅजेनपासून केलेला. दिवसाला ४०० च्या आगेमागे कॅलरी. हृदयाचे ठोके बिघडून बसल्या जागी गेली, काही तर चांगली तरुण होती.

भोसरीचा_भीम
पन्नास वर्षांपूर्वीची निकृष्ट प्रथिनं काढून मला भीती घालताय? आणि खरं सांगू का? तुमच्या मेहुणीने पुड्या स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या तोंडाने घेतल्या ना? सहावी इयत्ता शिकलेली होती का?

नारायणपेठी
तोंड सांभाळून. ती बँकेत अधिकारी आहे. पहिलं बाळंतपण झाल्यावर सासूबाई रोज तिचं ताट बघायच्या. तिने काय घेतलं आणि का घेतलं हे तुम्ही विचारू नका.

तिखटजाळ
भीमराव, आत्ताच तुम्ही म्हणालात जाड माणसाला जग बोलतं. आता तुम्हीच बोललात.

भोसरीचा_भीम
चुकलं. सहावीचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

थंड_डोक्याने
आहारशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचा फोटो आठवतोय का? २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूससुद्धा आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असा असतो. त्याला ६०० कॅलरी आणि अपुऱ्या प्रथिनांवर ठेवलं तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका म्हणूनच आठवड्याला अर्धा किलो म्हणते आणि १००० कॅलरीच्या खाली जाऊ नका म्हणते.

भोसरीचा_भीम
मॅडम, तोच फोटो माझ्या बाजूचा आहे. आतली चरबी आपल्यालाच जास्त, म्हणून ती उतरवायची गरजही आपल्यालाच जास्त. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी गेली की इन्सुलिन परत चालायला लागतं, त्या चाचणीचा गाभाच तो आहे.

थंड_डोक्याने
आहे. म्हणून मी ‘कधीच नाही’ म्हणत नाही. मधुमेह नुकता झालेला, वजन जास्त, रक्त तपासणारा डॉक्टर हाताशी, प्रथिनं-क्षारांचा हिशेब नीट, आणि बारा-चौदा आठवड्यांनंतर काय खायचं हे आधीच ठरलेलं, अशा माणसाला तो उपचार आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, वाढत्या वयाची मुलं, खाण्याशी आधीच भांडण असलेली माणसं, यांना नाही. पण भीमराव, त्याच चाचणीचा पुढचा आकडा तुम्ही लिहिला नाहीत. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पाच वर्षं ज्यांचा माग ठेवला, त्यांच्यात १३.

भोसरीचा_भीम
माहीत आहे.

नारायणपेठी
मग लिहिलं का नाही?

भोसरीचा_भीम
कारण पावणेदोन वर्षांत माझे सहा किलो परत आलेत. गेल्या महिन्यात एचबीए१सी ६.३. अजून गोळी नाही, पण डॉक्टरांनी भुवई वर केली. झालं समाधान?

नारायणपेठी
नाही झालं. मीही तुमच्याइतकाच आडमुठा आहे म्हणून सांगतो. ‘६०० ला विरोध’ हे वाक्य ‘कोचच्या ६०० ला विरोध’ असं वाचा. तुमच्या ८५० ला नाही. इतकंच देतो, यापुढे मागू नका.

निवृत्त_अभियंता
समेट झालाच आहे तर सांगतो, साबुदाणा भिजवताना पाणी दाण्याच्या वर अर्धा पेर...

नारायणपेठी
काका, थांबा. आत्ता ग्रुपवर वरच्या काकूंचा संदेश आलाय. ‘आजपासून सुरुवात! पहिला शेक घेतला, छान हलकं वाटतंय.’ खाली कोचबाईंचे सहा फुगे.

औषधवाला_काका
त्या शुगरची कुठली गोळी घेतात?

नारायणपेठी
बायकोला विचारतो. त्यांच्या गोळ्या तीच आणून देते.

...ग्लिमेपिराइड. सकाळी आठला घेतात.

औषधवाला_काका
आत्ता सव्वाअकरा झालेत. इथे काय लिहिताय? साखर घ्या आणि वर जा.

नारायणपेठी
चौथा मजला. लिफ्ट बंद आहे. निघालो.