स्वतःची तपासणी तुम्ही कितीदा पुढे ढकलली होती?

माटुंगा, दोन मुलांची आई

गणपतीच्या आधी माळा आवरताना एक जुनी निळी फाईल हाती आली. वर मोठ्या अक्षरांत मुलाचे नाव होते. आत त्याच्या थेरपीच्या अहवालांखाली, अगदी तळाशी, माझ्या दुसऱ्या गरोदरपणाचे कागद होते. त्यांवर एकाच तपासणीची तारीख तीनदा खोडून पुढची लिहिलेली होती आणि तिन्ही वेळा अक्षर माझे होते.

ही २०१८ ची गोष्ट आहे. थोरला साडेचार वर्षांचा होता आणि त्याच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान होऊन आठ महिने झाले होते. आठवड्यातून तीन दिवस दादरला ऑक्युपेशनल थेरपी आणि दोन दिवस स्पीच थेरपी असे. एकदा सोडलेली वेळ प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलाला दिली जाई, म्हणून मी एकही वेळ चुकवत नव्हते. गरोदरपणातला मधुमेह पाहण्यासाठी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे असते. पहिल्या तारखेला नेमकी थेरपीची वेळ बदलून आली. दुसऱ्या तारखेला त्याला ताप होता. तिसऱ्या वेळी त्याला सोबत घेऊन गेले आणि ग्लुकोज प्यायलेसुद्धा, पण स्पिरिटचा वास आणि ट्यूबलाइटची घरघर त्याला असह्य झाली. कानांवर हात दाबून तो जिन्याकडे धावला आणि त्याच्यामागे मीही बाहेर पडले ती परत आत गेलेच नाही.

साखर वाढल्याचे तेहतिसाव्या आठवड्यात कळले आणि इन्सुलिन सुरू झाले. मुलगी जन्मली तेव्हा तिची साखर खाली गेली होती, त्यामुळे दोन दिवस तिला अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. आईची साखर वाढलेली असली की पोटातले बाळ स्वतः जास्त इन्सुलिन बनवू लागते. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर थांबते, इन्सुलिन मात्र तेवढेच राहते, असे डॉक्टरांनी काचेबाहेर उभ्या असलेल्या मला शांतपणे समजावले. मुलगी आता दुसरीत आहे आणि अगदी ठणठणीत आहे. तरी ते वाक्य माझ्या कानांतून गेलेले नाही.

मला कोणीही अडवले नव्हते. सासूबाई घरात होत्या आणि नवरा रजा घ्यायला तयार होता. “त्या दिवशी माझी तपासणी आहे, त्याची थेरपी राहू दे,” एवढे एक वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. तुमच्या बाबतीत असे घडले असेल तर कृपया लिहा.

लालबाग

ताई, माझे कारण निराळे होते. मला वेळ नव्हता असे नाही, भीती होती. मोठ्या मुलाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते. दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी सहा प्लास्टरे झाली, मग टाचेजवळची शीर मोकळी केली आणि त्यानंतर दांडीने जोडलेले बूट आले. पहिले तीन महिने ते दिवसाचे तेवीस तास घालायचे असतात आणि पुढे चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना. मला पाचवा महिना लागला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आमची चाळीतली एकच खोली, त्यामुळे तो माझ्या कुशीतच झोपे आणि कूस बदलताना ती दांडी माझ्या पोटाला लागे. मी मध्ये उशी ठेवत असे.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाची पावले दिसतात हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी तीन आठवडे गेले नाही. शेवटी आई गावाहून आली आणि मला हाताला धरून घेऊन गेली. दोन्ही पावले सरळ होती. सोनोग्राफीच्या टेबलावरच मी रडले. तिथल्या बाई बराच वेळ काही न बोलता माझा हात धरून उभ्या होत्या.

चेंबूर, नोकरी करणारी

मातृत्व रजा २६ आठवड्यांची असते आणि त्यांतले ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. मी ते आठही घेतले. कार्यालयात सर्वांना वाटले की मी घरी विश्रांती घेत आहे. प्रत्यक्षात ते सारे दिवस थोरल्या मुलीच्या फिजिओथेरपीत, केसपेपर काढण्याच्या रांगांत आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत गेले. बाळंतपण नऊ दिवस आधीच झाले. त्या रजेतला एकही दिवस मी पाय वर करून झोपले नव्हते, हे लिहिताना आज प्रथमच लक्षात येत आहे.

मुलुंड

चेंबूरच्या ताई, एक विचारायचे होते. मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याला स्वमग्नता आहे. त्यालाही प्रमाणपत्र मिळते का? मला सध्या पंचविसावा आठवडा सुरू आहे.

चेंबूर, नोकरी करणारी

हो, मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. आधी ऑनलाइन अर्ज भरा, मग ठरलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तपासणी होते आणि त्यानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, येते. नॅशनल ट्रस्टची निरामय योजनाही पाहा, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. मात्र प्रमाणपत्राची फेरी आणि तुमची तपासणी एकाच दिवशी ठेवू नका. मी तसे केले आणि माझीच तपासणी राहिली.

सायन, वय ५२

तुम्ही सर्वजणी मला लहान आहात, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहिते. २६ जुलै २००५ ला मला आठवा महिना होता आणि मोठी मुलगी पाच वर्षांची होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत तिच्या पायांचे स्प्लिंट बदलून मिळणार होते. दुपारी माझीही तपासणी होती, पण स्प्लिंटची तारीख दोन महिन्यांनी मिळाली होती, म्हणून माझी सोडली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या आणि आमची बस परळच्या पुढे सरकेना. मुलीला चालता येत नव्हते. तिला कडेवर घेऊन मी पाण्यातून चालू लागले. नवे स्प्लिंट भिजू नयेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात बांधले होते. एका इमारतीतल्या अनोळखी कुटुंबाने आम्हा दोघींना रात्रभर घरात घेतले, कोरडे कपडे दिले आणि माझ्या सुजलेल्या पायांखाली लोड ठेवला.

त्या घरातल्या आजींनी विचारले, “पोटातल्याची शेवटची तपासणी कधी झाली?” मला तारीख सांगता आली नाही. मुलीच्या सगळ्या तारखा मात्र पाठ होत्या. पुढच्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा रक्तदाब इतका वाढलेला होता की मला तिथेच दाखल करून घेतले.

अंधेरी

काकू, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे थोरलीला ऐकू येत नाही हे ती दोन वर्षांची झाल्यावर कळले, कारण जन्मल्यावर श्रवणचाचणी झालीच नव्हती. लहान मुलांचा कान वाढतो तसा श्रवणयंत्राचा साचा सैल होतो, यंत्र शिटी घालू लागते आणि साचा नव्याने घ्यावा लागतो. दुसऱ्या वेळी गरोदर असताना वांद्रे रेक्लमेशनच्या वाक् व श्रवण संस्थेत आमच्या किती फेऱ्या झाल्या याची गणतीच नाही. लोकलमध्ये गर्भवतींना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते हे मला सातव्या महिन्यात समजले, आणि तेही त्याच डब्यातल्या कुबड्या घेतलेल्या एका काकांनी फलाटावर हाक मारून सांगितले म्हणून.

मुलुंड

इथले सर्व वाचल्यावर मुद्दाम लिहिते आहे. माझी ग्लुकोजची तपासणी मागच्या सोमवारी होती आणि स्पीच थेरपीमुळे मी ती पुढे ढकलली होती. आता परवाची वेळ घेतली आहे. त्या दिवशी थेरपीला येणार नाही असे आत्ताच फोन करून कळवले. मुलाला कोणाकडे ठेवायचे ते अजून ठरलेले नाही.

माटुंगा, दोन मुलांची आई

लॅब कुठे आहे ते मला निरोपात कळवा. सकाळी मी मोकळी असते आणि मुलुंडची गाडी मला सोयीची आहे. तुम्ही आत बसा, मी त्याला घेऊन बाहेर थांबेन. कान झाकणारे हेडफोन आमच्याकडे आहेत, तेही आणते. ग्लुकोज घाई न करता पाच-दहा मिनिटांत प्या, कारण अर्ध्या तासात उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.