मदत हवी आहे: रेनेसाँ फेअरमध्ये राणीचा पहारेकरी म्हणून व्हॉलंटिअर करायचंय (एच-१बी, चष्मा, उकाडा)

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहतो. हॉलिस्टरजवळ कासा दे फ्रूटाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वीकेंडना नॉर्दर्न कॅलिफोर्निया रेनेसाँ फेअर भरतो, कुणी गेलं असेलच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं इंग्लिश गाव उभं करतात, राणीची स्वारी निघते, घोड्यावरचे सरदार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात, आणि बाकी सगळी जत्रा म्हणजे दुकानं, बिअर आणि टर्कीच्या तंगड्या. ऑफिसातली एकजण तिथल्या एका गिल्डमध्ये (वेष घालून पात्रं रंगवणाऱ्यांचा गट) आहे, ती म्हणाली राणीच्या गार्डमध्ये माणसं कमी पडतायत, तू उंच आहेस, आवाज खणखणीत आहे, ये. मी पटकन हो म्हणालो आणि आता एकेक शंका यायला लागल्यात.

सगळ्यात मोठी शंका व्हिसाची. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. पैसे मिळणार नाहीत, पण फुकट पास आणि तिथे तंबू ठोकायला जागा मिळते म्हणे, मग ते चालतं का? दुसरं म्हणजे गार्ड म्हणजे नक्की काय करायचं असतं, कुणी पिऊन राडा घातला तर मी हातात तो लांब दांड्याचा परशू घेऊन काय करणार, मी आयुष्यात कुणाच्या अंगावर ओरडलेलो नाही (ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग सोडून). तिसरं, तिथे सप्टेंबरात मरणाचं ऊन असतं आणि कपडे अंगभर. चष्मा माइनस ५ आहे, काढला तर राणी कोण आणि घोडा कोण कळणार नाही. आणि शेवटचं, जरा अवघड वाटतं विचारायला, पण मी चांगला सावळा कोकणी माणूस, इंग्लंडच्या राणीचा शिपाई म्हणून लोकांना पटेन का? बायको म्हणते तू तिकडे उभा राहिलास तर फोटो मी काढणार आणि गावच्या ग्रुपवर टाकणार.

दोरीवाला

अरे बिनधास्त जा. मी गिल्डमध्ये आहे, गार्डमध्येच, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. डोक्यातून 'सिक्युरिटी' हा शब्द काढून टाक. खरी सिक्युरिटी वेगळी असते, त्यांच्याकडे वॉकी-टॉकी असतात, साधे कपडे असतात, आणि गरज पडली तर पोलीस बोलवायचं काम त्यांचं. आपण वेष घातलेले नट. दारुड्याला हात लावायचा नाही, हत्यार रोखायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. फक्त सिक्युरिटीला खूण करायची आणि राणीबरोबरच्या माणसांना गोड बोलून दुसऱ्या गल्लीत वळवायचं.

मग खरं काम काय, तर तू विसर्जनाच्या मिरवणुकीत दोरी धरली असशील ना, तेच. राणी निघाली की पुढे चालायचं, 'मेक वे फॉर द क्वीन' म्हणून आरोळी ठोकायची, आणि गर्दीतून वाट करत राहायची. त्यातही स्ट्रोलर सगळ्यात अवघड, आईबाप फोटो काढण्यात गुंग आणि गाडी मधोमध. पोरं वाकून पाया पडल्यासारखं काहीतरी करतात, राणी थांबून त्यांच्याशी बोलते, की आपण दोन्ही बाजूंना उभं राहून रिकामी जागा राखायची. मागून एखादा हौशी येऊन तुझ्या हॅल्बर्डचं, म्हणजे त्या परशूचं, पातं खरं आहे का म्हणून बोट लावायला जातो, त्याच्यावर सारखं लक्ष ठेवावं लागतं, निम्मा दिवस त्यातच जातो. हरवलेली मुलंही आपल्याकडेच येतात, कारण लाल कपड्यातला शिपाई त्यांना लांबून दिसतो.

प्रेक्षक तलवार घेऊन आले तर गेटवर ती म्यानाला बांधून टाकतात, पीस-टाय म्हणतात त्याला. ती सुटलेली दिसली तर सांगायचं, एवढंच.

उन्हाळ्यात वर्कशॉप असतात, ते चुकवू नको. चालायचं कसं, झुकायचं कसं, दांडा कुणाच्या डोळ्यात न घालता वळायचं कसं, आणि ते जुनाट इंग्रजी. त्याला तिथे 'फेअर अ‍ॅक्सेंट' म्हणतात, अस्सल वगैरे काही नसतं, ठसक्यात बोललं की झालं.

लिननवाली

कपड्यांचं मी सांगते, मी गिल्डच्या बायकांचे बॉडिस शिवून देते आणि दरवर्षी नवीन मुलगे पॉलिएस्टर घालून येतात आणि दुपारी दोनला सावलीत आडवे पडलेले दिसतात!! अंगाला लागणारा शर्ट शुद्ध लिननचा घे, पांढरा, सैल, घाम टिपतो आणि वारा लागला की गार वाटतं. वरचा डब्लेट, म्हणजे अंगाबरोबरचं जाकीट, पातळ लोकरीचा किंवा लिननचा चालतो, अस्तर पण लिननचंच, सॅटिनचं अस्तर घातलंस तर आत वाफ होते नुसती. खाली गुडघ्यापर्यंतच्या चुण्यांच्या तुमानी, लांब मोजे, सपाट टोपी. झिप किंवा वेल्क्रो दिसलं तर कॉस्च्युम बघणारी बाई परत पाठवते, आणि बरोबरच करते. राणीच्या गार्डचा लाल कोट बहुतेक ठिकाणी गिल्डचाच असतो, आधी विचार, उगाच इंटरनेटवरून हॅलोविनवाला मागवू नकोस.

बूट मात्र स्वतःचे आणि आधीपासून वापरून मऊ केलेले, कारण तिथे जमीन म्हणजे धूळ आणि खडे. आत जेलचा सोल घाल, वरून कुणाला दिसत नाही. तोंडाला बांधायला एक सुती रुमाल ठेव, धुळीने घसा बसतो.

चष्म्याचं म्हणशील तर काँटॅक्ट लेन्स लावू नको असं मी म्हणेन, त्या धुळीत डोळे लाल होतात. पातळ काड्यांचा गोल चष्मा घे, चष्मे त्या काळात होतेच, फक्त कानावर अडकायच्या काड्या नंतर आल्या, तेवढं सगळे चालवून घेतात. गॉगल आणि घड्याळ मात्र सक्त मना. हातातला गणपतीचा लाल दोरा असेल तर बाहीत जातो, मला आजवर कुणी काढायला लावला नाही.

आणि हो, तुमान डब्लेटला नाड्यांनी बांधलेली असते, त्यामुळे पोर्टा-पॉटीला (तात्पुरत्या संडासाला) जायचं तर पाच मिनिटं आधी निघायचं. म्हणून मुलगे पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. तहान नसली तरी पाणी पी, मीठ जाऊ दे पोटात, तिथे शेपूच्या पाल्यातली आंबट काकडी मिळते ती खा, शाकाहारी असशील तर ती आणि भाजलेलं कणीस हाच आधार.

कागदपत्रे

व्हिसाचं हलक्यात घेऊ नका प्लीज. एच-१बीवर तुम्हाला फक्त स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीचं काम करता येतं. खरं व्हॉलंटिअरिंग, म्हणजे मोबदल्याची अपेक्षा नसलेलं आणि एखाद्या नॉन-प्रॉफिट संस्थेसाठी, ते सहसा अडत नाही. गोची दोन ठिकाणी होते. एक, फेअर भरवणारी कंपनी धंदा करणारी असेल तर तिच्यासाठी फुकट राबणं हे कामगार कायद्याच्या दृष्टीनेच अडचणीचं आहे, व्हिसा दूर राहिला. दोन, 'पैसे नाहीत' एवढ्याने सुटका होत नाही, पास, जेवण, राहायची जागा हे सगळं मोबदला मानलं जाऊ शकतं. त्यामुळे आधी विचारा की नाव गिल्डकडे लागणार की कंपनीकडे, गिल्ड नॉन-प्रॉफिट म्हणून रजिस्टर आहे का, आणि बदल्यात काय काय मिळणार. ते लेखी घ्या आणि तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला मेल टाका. इथल्या कुणाच्याही 'अरे काही होत नाही'वर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

फिरंगोळी

रंगाचा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे वाचकच असतो. पहिली गोष्ट, सातव्या आणि आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवाला पगारावर होता, १५११ च्या वेस्टमिन्स्टरच्या भालेस्पर्धेच्या चित्रांच्या लांब गुंडाळीत तो घोड्यावर बसलेला, डोक्याला फेटा गुंडाळलेला दिसतो. म्हणजे ट्यूडर (एलिझाबेथच्या घराण्याचा) दरबार काही दुधासारखा पांढराशुभ्र नव्हता.

दुसरी तर तुमच्या खास कामाची. गिल्डमध्ये प्रत्येकाला आपल्या पात्राची कहाणी तयार ठेवावी लागते, आणि कोकणी माणसाला ती आयती मिळते. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे सोबती टायगर जहाजाने इंग्लंडहून निघाले, जवळ खुद्द एलिझाबेथचं अकबराच्या नावाचं पत्र. इराणच्या आखाताजवळच्या होर्मुझला पोर्तुगीजांनी पकडलं आणि गोव्याला आणून तुरुंगात टाकलं. त्यांना जामीन मिळवायला कोणी मदत केली, तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, जो १५७९ पासून गोव्यात होता आणि ज्याने पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं! मंडळी तिथून निसटून बेळगाव, विजापूर करत उत्तरेला गेली, आणि फिच १५९१ मध्ये लंडनला परतला. आता तुम्ही म्हणा की मी फिचसाहेबांबरोबर आलेला गोव्याकडचा खलाशी. ही कल्पना आहे हे कबूल, पण जत्रेत शेजारी पंख लावलेल्या पऱ्या आणि प्लास्टिकचे ड्रॅगन हिंडत असतात, त्यांच्यापेक्षा तुमचा खलाशी शंभरपट पटण्यासारखा.

जाता जाता, राणीचे अंगरक्षक म्हणजे यिओमन ऑफ द गार्ड, सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये उभे केलेले. टॉवर ऑफ लंडनवाले ते यिओमन वॉर्डर, वेगळे. आजच्या गणवेशात ओळखायची खूण म्हणजे गार्डच्या छातीवर तिरका पट्टा असतो, वॉर्डरच्या नसतो. कुणीतरी बीफईटर (हे वॉर्डरांचं टोपणनाव) म्हणून हाक मारणारच, हसून सोडून द्या.

रात्रपाळी

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. फिरंगोळी, खलाशी फायनल! स्टीफन्स शाळेत नुसता परीक्षेपुरता वाचला होता, आता नीट वाचतो. कागदपत्रे, तुमच्या सल्ल्याप्रमाणे गिल्डला मेल टाकलाय, ते म्हणाले आम्ही नॉन-प्रॉफिट आहोत, कागद पाठवतो, ते आले की वकिलाकडे. तोपर्यंत वर्कशॉपला नुसता बघायला जातो, तेवढ्याने काही बिघडत नाही ना?

दोरीवाला, अजून एक. पहिला वीकेंड आमच्या मंडळाच्या गणपतीवर येतोय आणि मी ढोल पथकात आहे. गिल्डमध्ये सगळे वीकेंड यावंच लागतं का? आणि तो हॅल्बर्ड घरी आणायचा असतो का, माझी गाडी छोटी सिविक आहे आणि अपार्टमेंटची लिफ्ट त्याहून लहान.

दोरीवाला

हॅल्बर्ड गिल्डच्या तंबूतच राहतो, घरी न्यायचं काम नाही. वीकेंडचं आताच सांगून टाक, बहुतेक गिल्ड ठरावीक दिवस मागतात, सगळे नाही, पण ऐन वेळी सांगितलं तर कॅप्टन भडकते. पथकातला पहिल्या शनिवारी येत नाही हे तिला आता माहीत झालंय, माझ्यामुळे. बघायला गेल्याने काही बिघडत नसावं, पण ते कागदपत्रेंनाच विचार. येशील तेव्हा पाण्याची बाटली आणि जुने बूट घेऊन ये.

लिननवाली

मापं पाठव रे. छाती, कंबर, आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत. दोन मीटर लिनन उरलंय माझ्याकडे, शर्टाला पुरेल का बघते.