खचलेल्या माणसाला ‘विश्वास वाढव’ म्हणावं का?

नगरची लेक
‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून हद्दपार व्हायला हवं. नोकरी गेली, झोप उडाली, सारखं धडधडतं, असं सांगताना साक्षीच्या वेळेत, म्हणजे सगळ्यांसमोर स्वतःचा अनुभव मांडताना, कुणाला रडू फुटलं, की उपासना सुटल्यावर चार जण त्याला घेरून हेच ऐकवतात. आधीची धास्ती होतीच, वर पापाचं ओझं.

बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, १९वा अध्याय वाचा. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाच्या संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलीच्या एका निरोपानं जीव घेऊन पळतो. चाकराला बैर-शेब्यात ठेवतो, स्वतः रानात जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. एलीया झोपतो. देवदूत उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा आडवा होतो, तरी देवदूत काही बोलत नाही. आधी झोप आणि अन्न, बोलणं नंतर. आपण हा क्रम उलटा का केला?

प्रार्थनाघर
ताई, अर्धाच अध्याय सांगितलात. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो तेव्हा वाट लांबची आहे म्हणून खायला सांगतो. चाळीस दिवस चालून एलीया होरेब डोंगरास पोचला, तेव्हा देवानं त्याला दोनदा विचारलं, तू इथे काय करतोस? आणि कामावर परत धाडलं. हजाएल आणि येहू यांना राजे म्हणून, अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक कर म्हणाला.

माझे वडील वारले तेव्हा पाळकसाहेब रोज संध्याकाळी घरी यायचे आणि माझ्याकडून तेविसावं स्तोत्र म्हणून घ्यायचे. आवाज फुटत नसे, तरी सोडायचे नाहीत. मी सावरलो तो त्यामुळे. नुसतं गोंजारलं तर माणूस झुडपाखालीच बसून राहतो.

पंडिता रमाबाई आठवा. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, मुक्ती मिशन या बाईंच्या आश्रमाचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा ती. बाई स्वतः थकलेल्या, कानांनी अधू. तरी बायबलचं भाषांतर पुरं करूनच एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले. हे बळ विश्वासाचं नाही तर कशाचं?

पुण्याचा वाचक
मी देव मानत नाही, पण रमाबाईंबद्दल बोलायला हवं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. त्यानंतर भावाबरोबर देशभर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८८२ मध्ये पती कॉलऱ्यानं गेले. त्याच वर्षी तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज उभा केला. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात. म्हणजे हिंमत आधीचीच. तिचं सगळं श्रेय धर्मांतराला देणं त्या बाईवर अन्याय आहे.

प्रार्थनाघर
हिंमत आधीची होती, मान्य. पण हिंमतवान माणूसही रिता होतो. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदन या बाईंच्या मुलींच्या शाळेवर टीकेची झोड उठली, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे तीनच वर्षांत बाई मध्य प्रांतातल्या दुष्काळात शिरल्या आणि उपासमारीनं सुकलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. लहानपणी ज्या दुष्काळानं घर गिळलं, त्याच्यासमोर त्या आपण होऊन पुन्हा गेल्या. कशाच्या जोरावर, ते त्यांनी स्वतःच उघड सांगितलंय. आपण दुसरं कारण का शोधावं?

वसईची नर्स
मी रोज चर्चमध्ये मिस्सेला जाते आणि मानसोपचार विभागात काम करते. दादा, तुमचे पाळकसाहेब रोज आले, हे तुम्ही किती पटकन सांगून टाकलंत! माझ्या मते औषध तेच होतं. ‘उपास धर’ म्हणून निघून जाणारे आणि रोज दाराशी येणारे एक नव्हेत.

नैराश्य हा आजार आहे. आधीच अन्न जात नाही अशा बाईला उपास धरायला लावलेलं मी पाहिलंय. सलाइन लावायची वेळ आली होती. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपला जीव मरणप्राय खिन्न झालाय असं प्रभू येशू स्वतः शिष्यांना सांगतो आणि जागे राहा म्हणतो. त्याचा विश्वास कमी होता का?

ज्यांना आत्ताच कुणाशी बोलायचंय त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रार्थनाघर
गोळ्यांना माझा विरोध नाही, ताई. पण आमच्याकडे आता उलटं होतंय. ‘डॉक्टर बघतील’ म्हणून मंडळी त्या घरी जायचंच बंद करते.

नगरची लेक
इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे, दादा. पण मग जाऊन करायचं काय, तेही ठरवू. पहिल्या भेटीत बायबलचं वचन काढायचं नाही. डबा न्यायचा, औषधं आहेत का बघायचं, मुलांची शाळेची सोय लावायची. स्तोत्र त्यांनी मागितलं तर म्हणायचं.

प्रार्थनाघर
आणि मागितलंच नाही तर? मला तर मागायचंही सुचत नव्हतं. पहिल्या दिवशी नको, चालेल. पण आठवडाभरात मी विचारणार, “म्हणूया का?”