‘सॅलरी’त मीठ आहे, सैनिकाच्या पगारात नव्हतं

मंदार: ‘रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, त्यावरून सॅलरी’ ही पोस्ट पुन्हा फिरतेय. लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘सालारियुम’, इथवर ठीक. पण सैनिकांना मोबदल्यात मीठ दिल्याचं एकही प्राचीन लेखक सांगत नाही. त्यांच्या पगाराला ‘स्टिपेन्डियुम’ म्हणत आणि तो नाण्यांत मिळे. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ देनारी, म्हणजे चांदीची नाणी. माझ्या भाचीने तोंडी परीक्षेत हेच सांगितलं, तर तिचे गुण कापले. म्हणून एवढं लिहितोय.

शलाका: भाचीचं वाईट वाटलं. पण रोमन लेखक थोरला प्लिनी वाचलात का? ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या ३१व्या खंडात तो मिठाचा संबंध मानसन्मान आणि सैनिकी सेवेशी लावतो, ‘सालारियुम’ त्यावरूनच आल्याचं म्हणतो. आमच्या सरांनी ही गोष्ट सांगितली म्हणून तर मला शब्दांच्या मुळांचं वेड लागलं!

मंदार: संबंध लावतो, पण पगार मिठात होता असं कुठे म्हणतो? ‘मिठासाठीचा भत्ता’ हासुद्धा नंतरच्यांचा तर्क. त्याच पोस्टीत ‘सोल्जर’ही मिठातून काढलाय. तो ‘सोलिडुस’ या सोन्याच्या नाण्यावरून आला. सरांवरच्या प्रेमाने पुरावा तयार होत नाही.

गजानन: इंग्रजीची मुळं खणताय आणि दोघंही खुशाल ‘पगार’ लिहिताय! तो पोर्तुगीज ‘पागार’. आपला शब्द वेतन. कार्यालयात मी वेतन लिहितो, साहेब खोडून पगार करतात. दर वेळी.

शलाका: खोडणं चूकच. पण पगार परका कसा? ‘पागार’चं मूळ लॅटिन ‘पाकारे’, शांत करणं. घेणेकऱ्याला पैसे देऊन शांत करायचं. इंग्रजी ‘पे’ त्याचाच भाऊ. चावीही पोर्तुगीज, तीही हाकलणार?

गजानन: चावीला किल्ली आहे. वापरा की!

शलाका: घरात कुणी ‘वेतन झालं का’ विचारतं? भाषा बोलणाऱ्यांची असते, खोडणाऱ्यांची नाही. तुमच्या साहेबांचीही नाही, तुमचीही नाही.

गजानन: मला साहेबांच्या पंगतीत बसवू नका. बोलण्यात पगार चालू द्या, कागदावर मी वेतनच लिहिणार.

मंदार: धागा मिठाचा होता.

शलाका: बरं, सैनिकांना मीठ वाटलं नसेल. पण गोष्ट मी मुलांना सांगणारच, ‘भत्ता’ म्हणून.

मंदार: सांगा. आधी ‘बहुधा’ लावा आणि परीक्षेत विचारू नका.