कॉस्टिक सोडा नंतर, आधी धातू बघा

दादा, वर एकाने सांगितलंय की जुना रेडिएटर साफ करायला कॉस्टिक सोड्यात बुडवा म्हणून, पण कोर (आतली नळ्या-पट्ट्यांची जाळी) अॅल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक त्याला सरळ खातो, फेस येतो तो हायड्रोजनचा असतो, त्यामुळे आधी धातू बघा. जुन्या जीपचा असेल तर बहुतेक तांब्या-पितळेचाच, त्यावर हिरवट पूड धरते ती. आपल्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने घासतात ना, तत्त्व तेच, फक्त इथे लिंबूसत्त्व घ्या, लिटरला साधारण ५० ग्रॅम, कोमट पाण्यात, नि सुटे भाग अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासा, वायर ब्रश नको, डाग दिलेले (सोल्डर केलेले) सांधे झिजतात आणि मग गळती शोधत बसा. नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवून परत साध्या पाण्याने खळखळून. फिन्सवर, म्हणजे कोरच्या पातळ पट्ट्यांवर, प्रेशर वॉशर जवळून मारू नका, सगळ्या आडव्या होतात.

खरं दुखणं वेगळंच आहे, किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ आणि लोक बिनधास्त तेच रेडिएटरमध्ये ओततात, वर खारा वारा आहेच. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, आणि रेडिएटरची कॅप इंजिन थंड झाल्यावरच उघडा हां.