'कन्फर्मिटी'ला 'अनुरूपता' चालेल का?

पार्लेकर: मानसशास्त्राच्या पाठाचं भाषांतर करतेय. त्यात 'कन्फर्मिटी' येतं, म्हणजे गटाच्या दबावाने गटासारखंच वागणं. सॉलोमन ॲश यांचा १९५०च्या दशकातला प्रयोग. खोलीत सात-आठ जण, पण अजाण असा एकच, बाकीचे प्रयोग करणाऱ्याशी ठरवून आलेले. नमुन्याच्या रेघेएवढी रेघ तीन रेघांपैकी कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. १८ पैकी १२ फेऱ्यांत ठरवून आलेले एकमुखाने चूक सांगतात आणि त्या फेऱ्यांत अजाण माणसांची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे जातात. मी 'अनुरूपता' लिहिलं, संपादकांनी 'मेंढरूवृत्ती' केलं. दोन्ही खटकतं.

शब्दवेल्हाळ: 'अनुरूप' म्हणजे शोभणारं. अनुरूप स्थळ, वयाला अनुरूप पोशाख. त्यात दबाव कुठे आहे? 'गतानुगतिकता' हा नेमका संस्कृत शब्द असताना मेंढरं कशाला?

गिरगावकर: गतानुगतिक म्हणजे पुढे गेलेल्याच्या मागून जाणारा. ती सवय झाली, चाकोरीसारखी. चाकोरी मुळात गाडीच्या चाकांनी पडलेली वाट, ती पडायला वर्षं लागतात. इथे माणूस काही क्षणांत बदलतोय. त्यापेक्षा 'री ओढणे' घ्या. पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या मागे 'जी जी' करतात, म्हणून 'झील ओढणे'सुद्धा चालेल.

पार्लेकर: री ओढणारा खुशीने ओढतो. इथे काहींनी नंतर सांगितलं की उत्तर माहीत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. काहींना तर स्वतःच्या डोळ्यांचीच शंका आली. दोघांना एकच शब्द हवा आहे.

शब्दवेल्हाळ: मग 'लोकानुवर्तन'.

लालबाग: असा शब्द वाचून विद्यार्थी पान उलटतो. 'लोकांपुढे नमणं' म्हणा.

इतिवृत्तकार: मुंबईत याचा रोजचा नमुना म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. अध्यक्ष विचारतात, "मंजूर?" पुढच्या दोन रांगा म्हणतात, "मंजूर, मंजूर." विरोध कोणी विचारतच नाही आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' पडतं. माझ्या मते 'एकमताने' म्हणजे सगळ्यांनी बाजूने मत दिलं, 'सर्वानुमते' म्हणजे कोणी हरकत घेतली नाही. एकानेही विरोध केला तर 'बहुमताने'च लिहायला हवं. प्रश्न तीन विचारावेत: बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती. विरोध करणाऱ्याने तिथल्या तिथे "माझं नाव घालून विरोध नोंदवा" म्हणावं आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी ते वाचून बघावं. नुसता वर केलेला हात कागदावर उरत नाही.

पार्लेकर: ॲश यांच्याकडेही हेच दिसतं. उत्तर लिहून घेतलं की लोकांमागे जाणं खूप कमी होतं. आणि खरं बोलणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी अशा चुका जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतात. म्हणून अनुमोदक मोलाचा.

गिरगावकर: 'सर्वानुमते' आणि 'एकमताने' यांत असा भेद कोणीही पाळत नाही. वापर हाच अर्थ.

इतिवृत्तकार: वाद झाला की इतिवृत्तच काढून वाचतात. तिथे शब्द सैल असून चालत नाही.

शब्दवेल्हाळ: 'बहुमत'ही आधी मतमोजणी नव्हे. तुकोबांच्या 'मानियेले नाही बहुमता'मध्ये त्याचा अर्थ पुष्कळांना वाटतं ते. पार्लेकर, तुमच्या पाठाचं शीर्षक तिथे आहे.

लालबाग: न नमणाऱ्याला मात्र मराठीत बहुतेक शिव्याच: हेकेखोर, आडमुठा, तऱ्हेवाईक, एककल्ली. चांगले शब्द किती? बाणेदार आणि मनस्वी.

गिरगावकर: 'मनस्वी' बाद. 'मनस्वी दुःख' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ फक्त 'अतिशय'.

शब्दवेल्हाळ: दोन अर्थ असले म्हणून मूळचा मरत नाही.

लालबाग: आणि अशा माणसाला वाळीत टाकतात, वाळवणासारखं बाजूला.

शब्दवेल्हाळ: वाळवणाचा संबंध नाही हो. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे त्यागणे, सकर्मक. 'वाळिले' म्हणजे टाकून दिले.

लालबाग: वाळवणही अंगणात टाकतातच की.

पार्लेकर: आणि 'अनुरूपता'चं काय करू?

शब्दवेल्हाळ: लालबाग, अकर्मक 'वाळणे' आणि सकर्मक 'वाळणे' वेगळे धरा. कपडा आपोआप वाळतो, माणसाला कोणीतरी वाळतं.