बापूकुटीच्या भिंतीचा कोणता थर आपण पाहतो, हे पाहुण्याला लेखी सांगावं का? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सारवण

वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमातल्या बापूकुटीत, म्हणजे गांधीजींच्या मातीच्या झोपडीत, चपला काढून शिरलेला माणूस एकदा तरी भिंतीवर तळवा टेकवतो. ज्या भिंतीला बापूंचा हात लागला, तिला आपलाही लागावा म्हणून. पण तळव्याला लागतो तो अलीकडच्या लिंपणाचा थर. मातीचं घर लिंपल्याशिवाय उभं राहत नाही, कवेलू (कौलं) फेरल्याशिवाय गळायचं थांबत नाही, आणि उधळी (वाळवी) लागलेला बांबू बदलावाच लागतो. यात लपवण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच ते पाहुण्याला स्पष्ट, लेखी सांगितलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे: या खोलीतलं मूळ काय, बदललेलं काय, आणि कधी बदललं.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. गाव जमनालाल बजाजांच्या मालकीचं. शेगाव हेच नाव विदर्भात दुसऱ्या गावाचंही असल्यानं टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. सगळे आधी आदि निवासात, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरात, एकत्र राहत. बापूकुटी ही मुळात बापूंच्या इंग्रज शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी, बापू तिथे नंतर राहायला गेले. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडलं ते कायमचंच.

माझा जीव अडकलाय तो मीराबेननी भिंतीवर मातीतून उठवलेल्या आकृत्यांत: ताडाची झाडं, चरखा, ॐ. उठावाच्या कामात सगळं देखणेपण कडेच्या सावलीत असतं. दर वर्षीच्या लिंपणाला एक मिलिमीटर धरा. जुना थर न खरवडता नवा देत गेलात तर पंचवीस वर्षांत अडीच सेंटिमीटर माती चढते, कड बोथट होते, सावली जाते. मग उरतो तो फुगवटा, मीराबेनचा हात नव्हे. तेव्हा आकृत्यांचा भाग लिंपणातून वगळावा, एखाद्या कोपऱ्यात वीतभर चौकोन कापून आतले थर काचेमागे दाखवावेत, आणि शेजारी पाटी लावावी.

वळचण

साफ असहमत. पाटीला माझी हरकत नाही, पण तुमची जतनाची कल्पनाच दगडी वाड्याची आहे. हे घर गावच्या मातीचं, गावच्या मजुरीचं असावं ही बापूंची अट होती. अशा घरात भिंत ही वस्तू नसते, ते दर वर्षी करायचं काम असतं. जपानमधलं इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये बांधलं. तिथे कुणी म्हणत नाही की हे खरं मंदिर नव्हे. १९९४ च्या नारा दस्तऐवजात जगभरच्या जतन करणाऱ्यांनी हेच मान्य केलंय: अस्सलपणा फक्त साहित्यात नसतो, तो कारागिरीत, वापरात आणि परंपरेतही असतो.

आता तुमचा हिशेब. लिंपण आणि पोतेरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड लिंपण भेग पडली किंवा पोपडा सुटला तिथेच देतात. बाकी भिंतीला पातळ शेणमातीचं पोतेरं फिरवतात, ते कागदाइतकं. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवरून पावसाळ्यात जेवढं धुऊन जातं तेवढंच परत चढतं. शिवाय पाऊस अंगावर येऊ नये म्हणून झांज्या, म्हणजे शिंदीच्या पानांचे पडदे, बाहेरून बांधतात. त्यामुळे अडीच सेंटिमीटरचं गणित कागदावरच बरोबर आहे.

आणि तो काचेचा चौकोन तर कृपा करून नकोच. मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. काच बसवली की त्या जागी श्वास कोंडतो. जुलै-ऑगस्टमध्ये काचेच्या आत दव धरेल, चौकोनाच्या खालच्या कडेची माती ढिली होईल आणि ओल मिळाली की उधळी तिथूनच वर चढेल. थर दाखवायला जाल आणि भिंतीला भोक पाडून बसाल.

घनमीटर

दोघंही दर वर्षीचं लिंपण अटळ धरून चालला आहात. ते अटळ नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं पाण्यानं न धुपणारं मातीचं लिंपण फार पूर्वी तयार केलंय. एक घनमीटर मातीला ६४ किलो गव्हाचं कुटार (भुसा) घालून आठवडाभर कुजवायचं, रोज तुडवायचं. मग डांबर गरम करून त्यात रॉकेल आणि थोडं मेण मिसळून पातळ केलेलं मिश्रण, तेही घनमीटरला साधारण ६४ किलो, मळून घ्यायचं आणि १२ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. वरून शेणमातीचा हात. पावसाची सड त्याला खात नाही, काही वर्षं निवांत जातात. दर वर्षीची मजुरी वाचते आणि उठावावर थरही चढत नाहीत. वर्ध्याला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात साधी माती उघडी ठेवणं म्हणजे मुद्दाम झीज करून घेणं.

वळचण

हे लिंपण चांगलं आहे, गावातल्या राहत्या घरांना मीही सुचवेन. स्मारकाला नाही. डांबराचा थर एकदा बसला की मूळ भिंतीला धक्का न लावता निघत नाही. जतनात पहिला नियम हाच, की आज केलेलं उद्या काढता आलं पाहिजे. साधी माती पाण्याच्या हातानं निघते. आणि डांबरी रंग शेणमातीखालून डोकावतोच, विशेषतः कोपऱ्यात.

सिमेंटचं नाव कुणी काढायच्या आत तेही सांगतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा म्हणजे वाळवीला आमंत्रण. ओल बाहेर पडत नाही, जोत्यापासून हात-दीड हात उंचीवर क्षार फुटतात, बाहेरून गिलावा धडधाकट दिसतो आणि आत भिंतीचा भुगा झालेला असतो. बोटानं ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो.

लिंपण बिघडतं ते बहुतेक वेळा मातीमुळे. आपल्याकडची काळी माती तशीच वापरली तर पाण्यानं फुगते, वाळली की आकसते आणि जाळीसारख्या भेगा देते. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि दिवसभर ठेवा. खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमाती पाव भागाहून जास्त निघाली तर वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळा. भिंतीवर आधी पाणी मारा, सुटी माती झाडून घ्या, मगच हात लावा. कोरड्या भिंतीनं नव्या थरातलं पाणी ओढून घेतलं की आठ दिवसांत पोपडा हातात येतो.

नोंदवही

भिंतीवर इतकी चर्चा आणि आतल्या वस्तूंवर कुणीच नाही? बसायची चटई, पाठीमागची फळी, बुटकं मेज, तीन माकडं, काठ्या, व्हाइसरॉय लिनलिथगोनं संपर्कासाठी बसवून घेतलेला टेलिफोन, साप पकडायचा लांब चिमटा आणि पिंजरा (साप मारायचे नाहीत, पकडून लांब सोडायचे). माणूस येतो तो हे बघायला, आणि या वस्तू पोतेरं फिरवून नव्या होत नाहीत.

खादी आणि कागद यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड चालत नाही. वर्ध्याच्या उन्हाळी दुपारी बाहेर लाखभर लक्स असतो, त्यातला खिडकीतून शिरलेला कवडसासुद्धा कापडाला जाळतो. उजेडाचं नुकसान साचत जातं, परत फिरत नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ६५ च्या वर गेली की बुरशी, आणि चिमट्यासारखं लोखंड गंजतं. लोक सांगतात काचपेटी करा. पण बंद काचपेटीत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) नसेल तर ती उघड्या फळीपेक्षा वाईट, पावसाळ्यातली दमट हवा आत कोंडली जाते. जेल ठेवलं तर त्याचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर भाजून पुन्हा वापरायचं, हे काम पंधरवड्याला कुणीतरी करायला हवं. नवी सागाची किंवा प्लायची पेटीही नको, तिच्यातून निघणारी आम्लं कागद पिवळा पाडतात.

म्हणून माझं मत सरळ आहे: कुटीत हुबेहूब प्रतिकृती ठेवा, आणि तसं लिहा. मूळ वस्तू वेगळ्या सुरक्षित खोलीत. २०११ मध्ये सेवाग्रामहून बापूंचा चष्मा चोरीला गेल्याचं उघड झालं, ते विसरू नका. २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, घड्याळ, चपला, वाटी आणि ताटली मिळून १८ लाख डॉलरला गेल्या. ब्रिस्टलजवळ २०२० मध्ये नुसता एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. एवढी किंमत असलेली वस्तू उघड्या कुटीत ठेवणं हा साधेपणा नव्हे.

धामकाठ

नोंदवही, तुमचा एकही आकडा मी खोडत नाही, पण निष्कर्ष मान्य नाही. मूळ वस्तू वेगळ्या खोलीत गेल्या की कुटी हा नुसता देखावा होतो. बुटकं मेज, चटई आणि शेजारची खिडकी यांचं नातं बघायला माणूस येतो: जमिनीवर बसल्यावर खिडकी नजरेच्या उंचीला येते, हात लांबवला की कागद, मागे फळी. खुर्चीच्या उंचीचं त्या खोलीत काही नाही. हे उभं राहून कळत नाही, पडवीत दोन मिनिटं बसलं की कळतं.

साबरमतीला दोन्ही वेगळं आहे. हृदयकुंज हे घर, आणि पलीकडे चार्ल्स कोरियांनी आखलेलं संग्रहालय, १९६३ सालचं. बहुसंख्य लोक संग्रहालयातले तक्ते वाचतात आणि घरावरून नजर फिरवून निघतात. तेच इथे व्हायला नको. कागद आणि कापड हलवा, प्रतिकृती ठेवा, एवढं मला पटतं. लाकूड, दगड, चिमटा, पिंजरा जागेवरच राहू द्या.

सहलप्रमुख

तुम्ही सगळे एकट्या पाहुण्याचा विचार करताय. आश्रमाला खरा भार पडतो तो डिसेंबर-जानेवारीत, शाळांच्या बसचा. पन्नास मुलं एकदम कुटीत घातली तर मधलं कुणीच काही बघत नाही, आणि दारापाशी खांद्यांच्या उंचीवर भिंत घासली जाते. नखांनी माती खरवडणारे असतातच. लिंपण लवकर जातं ते पावसानं कमी आणि या घासण्यानं जास्त.

दहा-दहाचे गट करा. एक गट बापूकुटीत, एक बा कुटीत, एक आदि निवासात, एक परचुरे कुटीत, एक पिंपळाखालच्या प्रार्थनाभूमीवर. दर बारा मिनिटांनी सरकायचं, तासाभरात सगळं होतं. परचुरे कुटी वगळू नका. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा बापू स्वतः करायचे, मुलांना ते सगळ्यात लक्षात राहतं. रेल्वेनं येणार असाल तर वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे आधी बघा. सेवाग्राम स्टेशन म्हणजे आश्रमाचं दार नव्हे, तिथून पुढे सहा-एक किलोमीटर आहेत. हाताशी अर्धा दिवस असेल तर वर्ध्यातलं मगन संग्रहालय जोडा. ३० डिसेंबर १९३८ रोजी बापूंनीच त्याचं उद्घाटन केलं होतं. कुटीत चरखा नुसता दिसतो, तिथे खादीचं काम कसं चालतं ते कळतं.

पाटीबद्दल: मुलं पाटी वाचत नाहीत. लावायची तर आत नको, चपला काढायच्या जागी लावा. तिथे माणूस थांबतोच.

सारवण

चपलांच्या जागी पाटी, हे एकदम मान्य. काचेचा चौकोन मागे घेतो, वळचण यांचं ओलीचं कारण पटलं. कागद-कापड हलवून बाकी जागेवर, हेही ठीक.

उठावाबद्दल मात्र मी ठाम आहे. पोतेरं कागदाइतकं असलं तरी ते कडेला साचतं. ओला बोळा उठावावरून खाली येतो तेव्हा शेणमाती खालच्या खाचेतच थांबते. बाहेरच्या भिंतीवरचं पाऊस धुऊन नेतो, आतल्या भिंतीवरचं कोण नेणार?

वळचण

खाचेत साचतं, हे खरं. आतल्या भिंतीला पाऊस लागत नाही हेही खरं, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण आकृत्या अजिबात न लिंपता सोडल्या तर पाच-सात वर्षांत भुकटी सुटायला लागेल, आणि भोवतालच्या ताज्या भिंतीच्या आणि त्यांच्या सीमेवर भेग जाईल. मधला रस्ता असा: उठावावर बोळा नको, मऊ कुंचल्यानं फक्त चाळलेल्या पांढऱ्या मातीचं पातळ पाणी, आणि खाचेतलं ओलं असतानाच बांबूच्या कामटीनं काढून घ्यायचं. चरख्याच्या आरीसारख्या बारीक जागी कामटीचं टोक काडेपेटीच्या काडीएवढं तासलेलं हवं.

नोंदवही

त्याला मोजमाप जोडा, नाहीतर दहा वर्षांनी हाच वाद पुन्हा होईल. प्रत्येक आकृतीवर कायमच्या पाच जागा ठरवा. दर वर्षी लिंपणाच्या आधी आणि नंतर खाचेत काडी उभी धरून खोली मोजा, मिलिमीटरमध्ये लिहा. अंधार पडल्यावर विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका आणि शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच अंतरावरून फोटो घ्या. सरळ उजेडात उठाव दिसतच नाही. आणि हे झांज्या बांधायच्या आधी उरका, नंतर बाहेरच्या भिंतीपर्यंत हात पोहोचत नाही.